परवा म्हणजे नेमकं कधी?

डिचोलीच्या बाजारात माझी ओळख ‘कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाय’ अशी आहे आणि ती पुसून काढायचा नाद मी केव्हाच सोडून दिला. बेकरीच्या वरच्या मजल्यावर आमचं छोटंसं ऑफिस. खालून उंड्यांचा, म्हणजे गोल पावांचा, वास येतो आणि जिन्यावरून माणसं येतात. कुणी बंद पडलेला प्रिंटर घेऊन, कुणी मिक्सर घेऊन. एकदा एक गृहस्थ सासऱ्यांचं कानातलं यंत्र घेऊन आले. मी म्हटलं, हे आमचं काम नव्हे, आम्ही सॉफ्टवेअर करतो. त्यांनी शांतपणे विचारलं, “मगे, सॉफ्टवेअर म्हणल्यार कितें?” आता याला काय सांगायचं? शेवटी मी त्या यंत्राचा सेल बदलून दिला. ते खूष होऊन गेले आणि पुढे त्यांनीच आम्हाला एका शाळेचं काम मिळवून दिलं.

तेव्हा या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ म्हटल्यावर मला आधी त्या गृहस्थांचीच आठवण झाली. त्यांना तेव्हा न दिलेलं उत्तर इथे देऊन बघते.

कॉम्प्युटर हा अतिशय आज्ञाधारक आणि तितकाच मठ्ठ नोकर असतो. त्याला सगळं लिहून द्यावं लागतं. हे कर, मग ते कर, मग अमुक असेल तर तमुक कर. ही सूचनांची यादी वरपासून खालपर्यंत सलग लिहिली की तिला आम्ही स्क्रिप्ट म्हणतो. चालवली की ती पहिल्या ओळीपासून धावत सुटते आणि शेवटच्या ओळीवर थांबते. पोटापुरतं काम असेल तर यात काही वाईट नाही. पण तेच काम दुसऱ्या ठिकाणी लागलं की माणूस आळस करतो, आधीची यादी उचलतो, नक्कल करतो, दोन नावं बदलतो. मग तिसरी नक्कल, मग चौथी.

यावर उपाय आहे आणि तो आपल्याकडे चतुर्थीला घरोघर दिसतो. आरत्यांच्या पुस्तकात ध्रुपद एकदाच छापलेलं असतं. पुढच्या प्रत्येक कडव्याखाली नुसतं ‘॥ धृ ॥’ असतं. घुमट वाजवणाऱ्यापासून टाळ कुटणाऱ्या पोरांपर्यंत सगळ्यांना कळतं की आता ते एकदाच छापलेलं म्हणायचं. फंक्शन म्हणजे हेच. एखादं काम एकदाच नीट लिहायचं, त्याला नाव द्यायचं आणि जिथे लागेल तिथे नुसती नावाने हाक मारायची. फरक एवढाच की आमच्या हाकेला कंस असतो. त्या कंसात जे घालाल त्याच्यासाठी ते काम होतं. मास्तरांचं नाव घाला, मास्तरांसाठी. काकीचं घाला, काकीसाठी. कोण आहे याच्याशी फंक्शनला देणंघेणं नसतं.

हे मी इतक्या प्रेमाने सांगते याचं कारण असं की गुरुदासबाबला ते पटवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

गुरुदासबाब माझा ऑफिसातला जोडीदार. त्याचे वडील सावंतवाडीकडून खाणीवर ट्रक चालवायला आले आणि मुळगावला राहिले. गुरुदास स्वतः खाणीच्या वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर सांभाळायचा. खाण बंद पडली तेव्हा तो एका दुपारी आमचा जिना चढून आला, कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून बसला आणि म्हणाला, “माका प्रोग्राम येतंत. तुका माणूस व्हयो काय?” घरात मालवणी बोलणारा, दिसायला पैलवान आणि स्वभावाने लोण्याचा गोळा. मी कोरगावची, पेडणे महालातली. आमच्या दोघांच्या बोलीत फरक फार थोडा, पण त्या थोड्याशा फरकाने पुढे काय गोंधळ घातला ते सांगणारच आहे.

त्याचा कोड म्हणजे गजालच, सांगत बसायची गोष्ट. वर सुरू, खाली शेवट. फंक्शन म्हटलं की तो नाक मुरडायचा. म्हणायचा, “शुभाबाय, वाचणाऱ्याक गजाल समाजली पायजे. तुज्या कोडात माणूस एका दारातसून आत गेलो की खंय भायर पडता ताच कळना नाय.” मी म्हणायचे, तुझ्या कोडात दारंच नाहीत, एकच लांबलचक पडवी आहे. तो म्हणायचा, पडवीत वारो बरो येता. असा आमचा संसार.

मग ते गाडीचं काम आलं. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत त्यांना आठवड्यातून तीनदा इस्पितळात यंत्राला लावून रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं. याला डायलिसिस म्हणतात हे आता गावागावात माहीत झालंय, दुर्दैवाने. शहरातलं इस्पितळ लांब, पेडण्या-डिचोलीच्या वाड्यांवरून इतक्या वेळा जाणंयेणं कुणाला झेपणार? म्हणून इथल्या काही भल्या माणसांनी मिळून एक गाडी ठेवली. गाडी चालवायचा बाबलो. कुणाला कधी न्यायचं, इस्पितळाकडे यंत्राची वेळ मागून ठेवायची आणि पेशंटच्या फोनवर संदेश धाडायचा, एवढं आम्ही करून द्यायचं होतं. खेप चुकली तर काय होतं ते आम्हाला पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगितलं होतं. अंगात पाणी साठतं, श्वास लागतो, आणि फार चुकली तर माणूस जातो.

सुरुवातीला पेशंट एकच होते, कोरगावचे अनंत मास्तर. माझ्याच गावचे, मला चौथीत मराठी शिकवलेले. गुरुदासने त्यांच्यासाठी एक स्क्रिप्ट लिहिली. मग सर्वणच्या लक्ष्मीकाकी आल्या. त्याने मास्तरांची फाईल उचलली, नक्कल केली, नाव बदललं. मग आणखी माणसं येत गेली आणि फाईली वाढत गेल्या. प्रत्येक माणसाची वेगळी फाईल, वरपासून खालपर्यंत संपूर्ण. मी डोक्याला हात लावला.

पण एके दिवशी त्या फाईली उघडून वाचायला बसले आणि माझा राग विरघळला. नुसत्या नकला नव्हत्या त्या. लक्ष्मीकाकींच्या फाईलीत गाडीची वेळ खऱ्या वेळेच्या थोडी आधीची सांगितली जात होती, आणि शेजारी गुरुदासने लिहिलं होतं, ‘काकी कोंबड्या आत घेतल्याशिवाय घर सोडत नाहीत.’ मुळगावच्या एका म्हाताऱ्यांना वाचता येत नव्हतं, त्यांचा संदेश सुनेच्या फोनवर जायचा, आणि सून शेतात असेल तर शेजारणीच्या. मास्तरांच्या फाईलीत लिहिलं होतं, ‘पायरी सावकाश उतरतात. बाबल्याने हॉर्न मारू नये, त्यांना घाई केलेली आवडत नाही.’ शिवाय मास्तरांचा संदेश शुद्ध मराठीत होता, आकडे नाहीत, सगळं अक्षरी. कारण पहिल्याच संदेशात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्यावर मास्तरांनी तो दुरुस्त करून, आकडेही अक्षरी करून परत पाठवला होता. गुरुदासने त्या दिवशी मला तो अभिमानाने दाखवला, जणू मास्तरांनी वहीवर ‘छान’ लिहून दिलं होतं.

आणि घात झाला तो नेमका या मायेमुळेच.

उन्हाळ्यात इस्पितळाने सकाळच्या यंत्रांची वेळ अलीकडे घेतली, म्हणून गाडीही लवकर निघणार होती. गुरुदासने सगळ्या फाईलींत जुन्या वेळेचा आकडा शोधून नवा घातला. शोधण्याचं काम कॉम्प्युटरनेच केलं, चटकन झालं. पण मास्तरांच्या फाईलीत आकडा नव्हताच. तिथे ‘सकाळी आठ वाजता’ असं अक्षरी लिहिलेलं होतं. ते तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी बाबलो नव्या वेळेला कोरगावला पोचला. हॉर्न मारायचा नाही, हे त्याला पाठ होतं. घाई नको म्हणून दारही न ठोठावता तो गाडीत बसून राहिला. मास्तर आत सावकाश पेज जेवत होते, कारण त्यांच्या हिशेबाने गाडीला अवकाश होता. बाबल्याने फोन लावला, तर त्या घरात रेंज येते ती फक्त जनेलाच्या, खिडकीच्या, एका कोपऱ्यात आणि फोन होता पिशवीत. गाडीत बाकीची माणसं, त्यांची यंत्रं वाट बघत होती. बाबल्याला वाटलं, मास्तर आज येत नसावेत. तो निघाला. मग आठाला मास्तर काठी घेऊन बाहेर आले आणि सोप्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसले. दुपारपर्यंत बसले होते. शिक्षकाचा जीव, सांगितलंय म्हणजे गाडी येणार.

आम्हाला कळलं तेव्हा गुरुदास चपला न घालता जिना उतरला. त्या दिवसाचं यंत्र तर गेलंच होतं. तो आधी कोरगावला गेला, मग इस्पितळात जाऊन उभा राहिला, आणि तिथल्या सिस्टरनी इकडचं तिकडे करून दुसऱ्या दिवशी मास्तरांना एक जागा काढून दिली. तोवर मास्तरांचे पाय सुजले होते आणि आडवं झालं की दम लागत होता. यंत्रावरून उठल्यावर ते गुरुदासला म्हणाले, “चूक तुजी न्हय रे. अक्षरी लिहूंक मीच सांगललंय.” त्यांनी असं म्हटल्यावर तर गुरुदास आणखीच रडवेला झाला.

एरवी ती गोष्ट मागे पडली असती, पण तो ऑफिसात आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, “कर बाय तुजां तां फंक्शन. मास्तर सोप्यार बसलले माज्या डोळ्यांफुडसून जाईत नाय.”

इतक्या वर्षांच्या वादात माझी सरशी झाली होती आणि मला जराही आनंद झाला नाही.

कामाला मात्र मी हुरूपाने बसले. सगळ्या फाईली फोडल्या. यंत्राची वेळ मागणं हे एक फंक्शन, संदेश रचणं दुसरं, तो पाठवणं तिसरं. वेळ एकाच जागी लिहिलेली, अक्षरी हवी तर तिच्यावरूनच अक्षरी होईल. आता इस्पितळाने वेळ कितीदाही बदलावी, मी एक ओळ बदलीन. केर काढून ओसरी सारवल्यासारखं वाटत होतं. मी गुरुदासला बोलावलं आणि कौतुकाच्या अपेक्षेने स्क्रीन त्याच्याकडे वळवला.

त्याने सगळं वाचलं. मग विचारलं, “लक्ष्मीकाकीच्यो कोंबडयो खंय गेल्यो?”

मी म्हटलं, “अरे, ते सगळ्यांसाठी एकच...”

“सगळ्यांक कोंबडयो नाय. काकीक आसत.”

वाद झाला. मी म्हटलं, एकेकाची कोंबडी सांभाळत बसलो तर फंक्शन कसलं? तो म्हणाला, मग तुझं फंक्शन माणसांसाठी की माणसं फंक्शनसाठी? असं काही तो बोलला की मी चहा सांगते. चहा येईपर्यंत मला कळलं होतं की तो बरोबर आहे आणि मीही. कंसात नुसतं नाव कशाला घालायचं? नावाबरोबर ‘किती आधी सांगायचं’, ‘कुणाच्या फोनवर’, ‘हॉर्न मारायचा की नाही’ हेही घालता येतं. ज्याला काही वेगळं नको त्याला नेहमीचं. ज्याला हवं त्याला त्याचं. कोंबड्या परत आल्या. आमच्या धंद्यात खरं कसब सारखेपणा शोधण्यात नाही, वेगळेपणाला कंसात जागा करून देण्यात आहे, हे मला गुरुदासने शिकवलं. तोंडावर अर्थात कधी सांगितलं नाही.

आता तो बोलीचा गोंधळ.

फंक्शनना नावं आम्ही आपल्याच भाषेत ठेवायचो, अक्षरं तेवढी रोमन. इंग्रजी नावांपेक्षा ती चटकन ध्यानात राहतात. गुरुदास आता नव्याने मुसलमान झालेल्याच्या उत्साहाने फंक्शनं लिहायला लागला होता, असं मी त्याला चिडवायचे. त्याने तारखांची सगळी फंक्शनं स्वतःकडे घेतली. त्यातल्या एकाचं नाव होतं ‘परवा’. मला तेच हवं होतं, कारण इस्पितळाकडे यंत्र दोन दिवस आधी मागावं लागतं. आज गुरुवार तर शनिवारचं यंत्र आज मागायचं. मी आयतं तयार फंक्शन बघितलं आणि बिनधास्त हाक मारली.

नव्या कोडचा पहिला दिवस गुरुवारच होता. दुपारी बाबल्याचा फोन आला. इस्पितळातून परत येत होता. “बाय, गाडयेंत सगळ्यांचे फोन एकदम वाजले. सगळ्यांक मंगळवार आयला.”

“कुठला मंगळवार?”

“ताच विचारतंय मी!”

मी स्क्रीनवर बघितलं. गाडी ‘मंगळवारी’ येईल, असा संदेश सगळ्यांना गेला होता आणि पुढे तारीख होती ती गेल्या मंगळवारची. इस्पितळाकडेही गेल्या मंगळवारचीच यंत्रं मागितली गेली होती. हसण्यासारखं होतं, पण तारीख वाचतो कोण? ‘मंगळवार’ एवढंच वाचून सगळी माणसं शनिवारी घरी बसली असती. पुढच्या मंगळवारची वाट बघत. एकटे मास्तर नव्हे, सगळेच्या सगळे.

“गुरुदासबाब, हें परवा कसलें?”

“कसलां म्हणजे? परवा. होऊन गेललो दीस. परवा जे येयलले तेंका सिस्टर फोन करून ‘कसां वाटता’ विचारता, तेच्यासाठी लिवलंय.”

“परवां म्हणल्यार फुडलो दीस!”

“आणि परवा मी तुज्या घराक येयललंय तो?”

“ताका आमी पयर म्हणटांव!”

आमच्या पेडण्याच्या घरांत होऊन गेलेला दिवस तो पयर आणि येणारा तो परवां. दोन दिवस, दोन शब्द, भांडण नाही. मराठीत आणि गुरुदासच्या मालवणीत मात्र एकच परवा, तो मागेही जातो आणि पुढेही. मी मराठी शाळेत शिकले, मराठीत लिहिते, पण कोड वाचताना डोकं कोरगावच्या घरातच बसलेलं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

भांडायला वेळ नव्हता. एक ओळ बदलली, आणि ज्या एका ओळीने सगळ्यांचा शनिवार पळवला होता त्याच एका ओळीने तो सगळ्यांना परत दिला. फंक्शनचं हे असं असतं. चुकलं तर सरसकट चुकतं, म्हणून ताबडतोब बोंब होते. मास्तरांच्या त्या जुन्या फाईलीसारखी एकटीच चूक कोपऱ्यात गप्प बसून राहत नाही. इस्पितळाला मी फोन केला, गुरुदासने एकेक पेशंटला. संध्याकाळच्या आत सगळ्यांना शनिवार नीट सांगून झाला. लक्ष्मीकाकींनी तेवढ्यात कोंबड्यांचीही हकीकत सांगून घेतली.

मास्तरांना मी स्वतः फोन लावला. त्यांच्याकडे संदेश पोचला होताच.

“काय गो चेडवा, फाटल्या मंगळाराक गाडी धाडतलंस मगे?”

“चुकलं मास्तर, त्याचं असं झालं...”

“ना, धाड धाड. पूण धाडतलंस तर इल्ली आनीक फाटी धाड. किडन्यो बऱ्यो आसल्यो थंयमेरेन.”

किडन्या चांगल्या होत्या तिथवर मागे! मी हसता हसता रडले. मग त्यांना परवाची सगळी कथा सांगितली, तेव्हा त्यांच्यातला मास्तर जागा झाला. मागचा की पुढचा ते परवा सांगत नाही, क्रियापद सांगतं, असं म्हणून त्यांनी मला फोनवरच शिकवणी दिली. परवा गेलो, परवा जाईन. “तुज्या त्या नावाक क्रियापद खंय आसा?” त्या दिवसापासून आमच्याकडे दोन फंक्शनं आहेत, ‘परवा_गेलो’ आणि ‘परवा_येतलो’. आणि नियम असा की क्रियापदाशिवाय कुठल्याही फंक्शनला नाव नाही. मोठमोठ्या शहरांतल्या कंपन्यांतही हाच नियम सांगतात म्हणे. आमच्याकडे तो कोरगावहून आला.

तेव्हापासून गाडी चुकलेली नाही. हे लिहिताना मी हळूच टेबलाच्या लाकडाला हात लावला, पण अभिमान वाटतो हे खरं.

यंदा चतुर्थीनंतरची गोष्ट. दुपारची वेळ होती, खाली बेकरीत संध्याकाळच्या भट्टीची तयारी चालली होती. गुरुदास उशिरा आला. अलीकडे तो बऱ्याचदा उशिराच यायचा, जिना चढताना मध्ये थांबायचा. गोड चहात उंडा बुडवून खायची त्याची जुनी खोड, आणि साखरेचा आजारही तितकाच जुना. मी ओरडायचे, तो हसायचा. त्या दिवशी तो कदेलवर बसला आणि म्हणाला, “एक नवीन नाव घालूचां आसा. गाडयेक.”

मी यादी उघडली. “गाव?”

“मुळगाव.”

“मुळगावचं कोण रे?” माझी बोटं तयार होती. “नाव सांग.”

तो जनेलातून खाली बाजाराकडे बघत होता. मी वळून त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चपलांचे पट्टे सैल केलेले होते, आणि तरीही ते पावलांत रुतले होते.

त्यालाच माझी दया आली असावी. म्हणाला, “घाल गो. शंबर खेपे टाईप केलंस तां नाव. पगाराच्या वेळार.”

मी टाईप केलं. त्याचं नाव कंसात गेलं आणि फंक्शनने ते मुकाट्याने घेतलं, जसं ते कुणाचंही घेतं. कोण आहे हे त्याला ठाऊक नसतं. हाच त्याचा गुण म्हणून मी इतकी वर्षं गात आले होते, आणि त्या क्षणी मला त्याचा अस्सा राग आला.

“आणखी काय घालू?” मी विचारलं. “थोडं आधी सांगायचं? हॉर्न?”

“कायच नको. सगळ्यांक जां आसा तां.” वर म्हणाला, “मी कोंबडयो पाळूक नाय.”

दुसऱ्याच्या कोंबड्यांसाठी माझ्याशी भांडलेला हा माणूस स्वतःसाठी एक शब्द मागायला तयार नव्हता.

आता तो सोमवार, बुधवार, शुक्रवार जातो आणि उरलेले दिवस ऑफिसात येतो. पहिल्या आठवड्यात मास्तरांनी आपला वार मुद्दाम बदलून घेतला आणि गाडीत त्याला शेजारी बसवून घेऊन गेले. यंत्राची भीती वाटू नये म्हणून वाटभर त्याचं शुद्धलेखन तपासत होते, असं बाबलो सांगतो.

मी काय केलं ते सांगून थांबते. गाडीची वेळ आणि यंत्राची वेळ त्याची सगळ्यांसारखी फंक्शनमधूनच जाते, त्यात मी लुडबूड केली नाही. पण शेजारी एक वेगळी फाईल उघडली आणि तिच्यात एक स्क्रिप्ट लिहिली. फंक्शन नाही, कंस नाही, वरून सुरू, खाली शेवट. ज्या दिवशी त्याची खेप असते त्याच्या आदल्या संध्याकाळी ती चालते आणि एकच संदेश पाठवते, तोही माझ्याच फोनवर. ‘उद्या ऑफिस बंद. गुरुदासबाबबरोबर इस्पितळात बसायचं आहे.’

त्याला ती सापडलीच. मंगळवारी माझ्या पाठीमागे उभा राहून त्याने पूर्ण वाचली. मग म्हणाला, “ह्यां वेगळां कित्याक लिवलंस? फंक्शन कर ना. परत वापरूक येयत.”

“नाही करत,” मी म्हटलं. “हे दुसऱ्या कुणासाठी नाही.”